नेपाळच्या ट्रेकला निघण्याआधी : हेलिकॉप्टरचं बिल कोण भरणार?

लोणावळ्याच्या आसपास कुणी दरीत अडकलं की ‘शिवदुर्ग मित्र’चे स्वयंसेवक दोर आणि स्ट्रेचर घेऊन निघतात. रात्र असो की मुसळधार पाऊस, ते माणसाला वर काढतात आणि पैसे न घेता घरी जातात. सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरला हीच रीत ठाऊक असते. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरही मदतीला धावणारी माणसं भेटतात. पण आजारी माणसाला काठमांडूला नेणारं हेलिकॉप्टर खासगी कंपनीचं असतं आणि ते उडण्याआधी एक प्रश्न येतोच : पैसे कोण देणार?

युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा हवा असेल, तर किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. नेपाळसाठी भारतीयांना व्हिसाच लागत नाही. त्यामुळे विमानतळावर विम्याबद्दल कुणी विचारत नाही आणि बुटांवर पंधरा दिवस खल करणारे आपण विम्याचा विचार शेवटच्या रात्रीवर ढकलतो. तो निर्णय शांतपणे कसा घ्यायचा, ते पायरीपायरीने पाहू.

धोका नेमका कशाचा?

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. एव्हरेस्टच्या वाटेवरचं नामचे बाजार 3,440 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. बेस कॅम्प 5,364 मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्माच.

शरीराला याची सवय व्हायला दिवस लागतात. तेवढे दिवस दिले नाहीत की डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होतं. ही विरळ हवेच्या आजाराची पहिली पायरी. त्याकडे दुर्लक्ष करून वर चढत राहिलं, तर काहींच्या फुप्फुसांत पाणी साठतं आणि बसल्या जागीही धाप लागते. काहींच्या मेंदूला सूज येते. असा माणूस सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकू शकत नाही, असंबद्ध बोलू लागतो. ही दोन्ही रूपं जीवघेणी आहेत आणि दोन्हींवर पहिला उपाय एकच : ताबडतोब खाली उतरणं.

दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दमसास चांगला असला म्हणजे हा आजार होत नाही, असं नाही. उलट तरुण, तंदुरुस्त माणूस भराभर चढतो आणि अडकतो. ट्रेक न करणाऱ्यांनाही यातून सूट नाही. मुक्तिनाथ सुमारे 3,700 मीटरवर आहे, आणि हजारेक मीटरहून कमी उंचीच्या पोखऱ्याहून जीपने निघालेले आपले ज्येष्ठ यात्रेकरू तिथे फार थोड्या वेळात पोहोचतात.

सुटका प्रत्यक्षात कशी होते?

समजा, लोबुचेत, 4,900 मीटरच्या वर, पहाटे तीन वाजता तुमच्या सोबत्याला श्वास घेता येईना. रात्री हेलिकॉप्टर येत नाही. ढग असतील तर दिवसाही येत नाही, आणि या भागात दुपारी ढग भरून येणं नेहमीचंच. तोपर्यंतचा आधार म्हणजे ऑक्सिजनची नळकांडी, औषधं आणि खाली उतरणं, पायी किंवा घोड्यावर. खाली फेरिचेला ‘हिमालयन रेस्क्यू असोसिएशन’चं उपचार केंद्र आहे. 1973 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे स्वयंसेवक डॉक्टर वसंत आणि शरद या दोन हंगामांत तिथे असतात.

इकडे गाईड काठमांडूतल्या आपल्या एजन्सीला फोन करतो. एजन्सी तुमच्या विमा कंपनीच्या मदत केंद्राला कळवते. केंद्र पॉलिसी क्रमांक, पासपोर्टची प्रत, रुग्णाची लक्षणं, शक्य असेल तर डॉक्टरचं मत मागतं. समाधान झालं की पैसे देण्याची लेखी हमी निघते आणि हेलिकॉप्टर निघतं. विमा नसेल तर ही हमी तुमच्या क्रेडिट कार्डाने किंवा घरच्यांनी द्यायची. एका फेरीचा खर्च काही हजार अमेरिकी डॉलर, म्हणजे लाखांच्या घरात जाऊ शकतो. रुग्णालयाचं बिल त्याहून वेगळं.

पॉलिसीत काय वाचायचं?

आपला नेहमीचा मेडिक्लेम साधारणपणे भारतातल्या उपचारांपुरताच असतो. ऑफिसच्या गट विम्याचंही बहुधा तसंच. म्हणून परदेश प्रवासाचा वेगळा विमा लागतो आणि तो निघण्याआधीच घ्यावा लागतो. पण तो घेताना पाच गोष्टी अक्षर न् अक्षर वाचा.

पहिली, उंचीची मर्यादा. पुष्कळ पॉलिसी ठरावीक उंचीपर्यंतच जबाबदारी घेतात. बेस कॅम्पला जाणारे बहुतेक जण काला पत्थरही चढतात आणि ते 5,500 मीटरच्या वर आहे. तुमच्या वाटेवरचा सर्वांत उंच बिंदू त्या मर्यादेत बसलाच पाहिजे.

दुसरी, ‘ट्रेकिंग’ आणि ‘गिर्यारोहण’ यांतला फरक. दोर, क्रॅम्पॉन, बर्फकुऱ्हाड न लागणारी पायवाट हा ट्रेक. आयलंड पीकसारख्या सहा हजार मीटरवरच्या शिखराला ही साधनं लागतात, म्हणून ते गिर्यारोहणात मोडतं आणि अनेक पॉलिसींतून वगळलेलं असतं.

तिसरी, हेलिकॉप्टर. ‘वैद्यकीय स्थलांतर’ एवढं लिहिलेलं पुरेसं नाही. डोंगरातून हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च त्यात धरला आहे का आणि त्याला वेगळी कमाल मर्यादा आहे का, हे विचारा. हरवलेल्या माणसाच्या शोधाचा खर्च बहुधा निराळा मोजतात. काठमांडूहून मुंबईला स्ट्रेचरवर आणणं आणि दुर्दैवाने मृत्यू ओढवला तर पार्थिव घरी आणणं, हे दोन मुद्देही पाहा. हा विषय घरात काढवत नाही, पण ती धावपळ शेवटी घरच्यांनाच करावी लागते.

चौथी, जुने आजार. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयाची शस्त्रक्रिया, जे असेल ते प्रस्ताव अर्जात लिहा. हप्ता थोडा वाढेल या भीतीने लपवलेला आजार क्लेमच्या वेळी बाहेर येतो आणि सगळी पॉलिसी फुकट जाते.

पाचवी, परवानगी. बहुतेक कंपन्या आधी कळवल्याशिवाय मागवलेल्या हेलिकॉप्टरचे पैसे देत नाहीत. मदत केंद्राचा क्रमांक आणि पॉलिसीची प्रत स्वतःजवळ, गाईडजवळ आणि घरी, तिन्ही ठिकाणी ठेवा.

या पाचही प्रश्नांची उत्तरं ईमेलवर लेखी घ्या. एजंटचं ‘सगळं कव्हर आहे हो’ क्लेमच्या टेबलावर चालत नाही.

कंपन्या इतक्या कडक का?

याचं एक कारण नेपाळमध्येच घडलं. 2018 साली तिथल्या सरकारने खोट्या सुटकांची चौकशी केली. किरकोळ लक्षणं असलेल्या ट्रेकरना घाबरवून हेलिकॉप्टरमध्ये बसवायचं, एकाच फेरीत अनेकांना आणून प्रत्येकाच्या विमा कंपनीकडून पूर्ण बिल उकळायचं, असे प्रकार उघडकीस आले. म्हणून खरी गरज नसताना ‘विमा आहेच, उडत जाऊ’ या मोहात पडू नका. वापरलेल्या सेवेची पावती, डॉक्टरचा अहवाल, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. एवढं करूनही क्लेम नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी शुल्क नाही. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत.

मग घ्यायचा की नाही?

स्वतःला एक प्रश्न विचारा. उद्या सकाळी काही लाख रुपये भरायची वेळ आली, तर घरातलं कुणी कर्ज न काढता ते भरू शकेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर विमा घ्या. उत्तर ‘हो’ असलं, तरी परक्या देशात रुग्णालय शोधणारं, हमी देणारं, भाषांतर करणारं कुणीतरी पाठीशी असावं, म्हणून मी घ्यायलाच सांगेन. पण उंची आणि हेलिकॉप्टर या दोन अटींत न बसणारी स्वस्त पॉलिसी मात्र घेऊ नका. ती नसलेली बरी, कारण ती खोटा धीर देते.

विमा बिल भरतो, फुप्फुसांतलं पाणी काढत नाही. 3,000 मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा आणि डोकं दुखत असेल तर वर जाऊ नका. ट्रेकची तारीख ठरली की हप्त्याच्या पैशांबरोबर दोन जादा दिवसांचे पैसेही बाजूला काढा. घरी सुखरूप येण्यासाठी हे दोन्ही खर्च करायलाच हवेत.