गाव महापालिकेत गेलं, आता दाखला कुणाकडे मागायचा?

वाघोली, मांजरी, नऱ्हे, नांदेड, सूस, पिसोळी, किरकटवाडी... ही नावं घेतली की आपल्यातल्या बऱ्याच जणींना कुणाचं माहेर नाहीतर सासर आठवेल. ही आणि आजूबाजूची मिळून तेवीस गावं ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत गेली. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये धायरी, आंबेगाव, उंड्री, शिवणे, फुरसुंगी, उरुळी देवाची अशी अकरा गावं गेली होती. क्षेत्रफळात पुणे महापालिका मुंबईपेक्षाही मोठी झाली, अशी त्या वेळी बरीच चर्चा होती. पण गावातल्या बाईला क्षेत्रफळाशी काय करायचंय? तिला हवा असतो नातवाच्या जन्माचा दाखला, नळाला पाणी आणि घरपट्टीची पावती.

आमच्याकडे गटांतून सारखा येणारा प्रश्न हाच आहे. गाव पालिकेत गेलं म्हणजे नेमकं काय बदलतं, आणि आपलं गाव उद्या जायचं असेल तर आधी काय सावरून ठेवावं? आज त्याबद्दलच बोलू.

सगळ्यात आधी जाते ती ग्रामपंचायत. सरपंच, उपसरपंच, सदस्य यांचा कारभार त्या दिवसापासून संपतो. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं आहे, पण आपल्या तोंडात ग्रामसेवकच) दप्तर महापालिकेच्या हवाली करतात. बऱ्याच गावांत जुन्या पंचायतीच्या इमारतीतच महापालिकेचं संपर्क कार्यालय सुरू होतं, त्यामुळे दार तेच दिसतं. आतला माणूस मात्र निर्णय घेणारा नसतो. निर्णय क्षेत्रीय कार्यालयात होतो. नांदेड, किरकटवाडीच्या बायकांना त्यासाठी सिंहगड रस्ता क्षेत्रीय कार्यालय गाठावं लागतं. चालत जाऊन होणारं काम पीएमपीच्या तिकिटावर गेलं, एवढं तरी खरंच.

पण आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट जाते, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ग्रामसभा जाते. ग्रामपंचायत कायद्याने गावातल्या प्रत्येक मतदार बाईला ग्रामसभेत बसायचा, हिशेब विचारायचा, हरकत नोंदवायचा हक्क दिलेला आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, तिथले ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे, हेही त्याच कायद्यात आहे. कितीतरी गावांत ही महिला सभा कागदावरच होते, हे आम्हाला माहीत आहे. तरीही ती मागता येते, आणि झाली नाही तर तक्रार करता येते. शहरात तसं काही नाही. राज्याच्या कायद्यात २००९ साली ‘क्षेत्र सभा’ नावाची तरतूद आली खरी, पण पुण्यात ती ग्रामसभेसारखी रुजलेली नाही. शहरात आपल्या वतीने बोलायला नगरसेवक असतो. आणि इथे तर नगरसेवकही नव्हते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, तेव्हापासून पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणजे ज्या तेवीस गावांनी २०२१ मध्ये आपला सरपंच गमावला, त्यांना मत देऊन निवडलेलं माणूस मिळायला साडेचार वर्षं लागली. गावातली आणि शहरातली अर्धी पदं २०११ पासून बायकांसाठी राखीव आहेत. पण सभागृहच नसेल तर राखीव जागेचा काय उपयोग?

आता कागदांकडे येऊ. इथे जरा थांबू या, कारण नुकसान गुपचूप होतं ते इथेच.

पंचायतीत घराची नोंद नमुना ८ मध्ये असते. कर आकारणीची वही ती. (शेताचा आठ-अ वेगळा, तो तलाठ्याकडे. नावं जवळची असल्याने खूप जणी गोंधळतात.) घर नवरा-बायको दोघांच्या नावाने लावायचं, असा शासन निर्णय २००३ साली निघाला आणि पुष्कळ गावांत बायकांची नावं नमुना ८ वर चढली. काही ठिकाणी बचत गटांनी त्यासाठी मोहिमा केल्या, घरोघरी जाऊन अर्ज भरून घेतले. गाव महापालिकेत जाताना ही वही नव्या दप्तरात उतरते. उतरताना दोन नावांचं एक झालं, तर कळणार कसं? जुना उतारा हातात असेल तरच कळणार. म्हणून ज्या गावांच्या समावेशाची नुसती कुजबुज आहे, तिथल्या प्रत्येकीने नमुना ८ चा सही-शिक्क्याचा उतारा आजच काढून ठेवावा. महापालिकेचं पहिलं बिल आलं की त्यावर कुणाचं नाव आहे ते बघावं आणि नाव गळलं असेल तर उताऱ्याची प्रत जोडून अर्ज करावा. एक मात्र ध्यानात ठेवा. नमुना ८ असो की महापालिकेचं बिल, दोन्ही कराची कागदं आहेत, मालकीची नव्हेत. सातबारा, खरेदीखत, मोजणीचा नकाशा यांची जागा ती घेत नाहीत. आणि सातबारा गाव शहरात गेलं म्हणून पालिकेकडे जात नाही. तो महसूल खात्याकडेच राहतो.

जन्म-मृत्यूची जुनी वहीही पालिकेकडे जाते. नवीन नोंद क्षेत्रीय कार्यालयात. नियम दोन्हीकडे सारखाच. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट, त्यानंतर उशिराचं शुल्क, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत फेऱ्या. मूल दवाखान्यात जन्मलं तर दवाखाना कळवतो, पण घरी जन्मलेल्या मुलाची नोंद घरच्यांनीच करायची असते. विवाह नोंदणी पूर्वी ग्रामसेवक करत, आता तीही क्षेत्रीय कार्यालयात.

दाखल्याला किती दिवस लागतील, हे मात्र कुणाच्या मर्जीवर नाही. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा गावालाही लागू आहे आणि महापालिकेलाही. कोणती सेवा किती दिवसांत, शुल्क किती, अपील कुणाकडे, हे कार्यालयाने फलकावर लावायचं असतं. अर्ज दिला की पोच घ्या. पोच नसेल तर दिवस मोजता येत नाहीत, आणि दिवस मोजले नाहीत तर कायद्याला हातही लावता येत नाही. मुदत उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. विनाकारण टाळाटाळ सिद्ध झाली तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडापर्यंत क्वचितच जातं, पण पोच मागणाऱ्या बाईशी साहेबही जरा नीट बोलतात, हा आमचा अनुभव.

घरपट्टीबद्दल थोडक्यात. समाविष्ट गावांत कर एकदम शहराइतका लागत नाही, टप्प्याटप्प्याने वाढतो. तरीही वाढ एवढी होती की ओरड झाली. आपण स्वतः घरात राहत असाल तर महापालिकेच्या हद्दीत करात ४० टक्के सवलत आहे. त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज राहत असल्याच्या पुराव्यासह द्यावा लागतो. न मागता ती लागेल असं धरून बसू नका. बिलावर दिसते का ते पाहा.

कर द्यायला लोकांची ना नसते. पाणी, रस्ता, ड्रेनेज न येता बिल आधी येतं, राग त्याचा असतो. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची गोष्ट तर आणखी कडू. या गावांनी कित्येक वर्षं पुण्याचा कचरा उरावर घेतला. कचऱ्याच्या डोंगरातून झिरपलेल्या पाण्याने तिथल्या विहिरी खराब झाल्या आणि गावं टँकरवर आली. २०१७ मध्ये ती महापालिकेत घेतली, मग कराचा बोजा आला, आणि शेवटी २०२४ मध्ये ती पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगर परिषद केली. तिथल्या बायकांनी सात वर्षांत ग्रामपंचायत, महापालिका, नगर परिषद अशी तीन कार्यालयं पाहिली. कागद जपून ठेवा असं आम्ही का म्हणतो, ते यावरून समजून घ्या.

आता पाण्याचं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएस, म्हणजे गुलियन-बॅरे सिंड्रोम, या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. त्यांतले पुष्कळ नांदेड, किरकटवाडी, धायरी, नऱ्हे, खडकवासला या पट्ट्यातले. पाहता पाहता आकडा दोनशेच्या वर गेला आणि काही जण दगावले. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बहुतेक वेळा आधी जुलाब, पोटाचा संसर्ग होतो. मग त्या जंतूंशी लढायला उठलेली शरीराची ताकद चुकून आपल्याच नसांवर उलटते. पायाला मुंग्या येतात, पाय गळतात, अशक्तपणा वर चढत जातो, कधी श्वासापर्यंत पोहोचतो. वेळेत दवाखाना गाठला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या कोंबडीच्या मटणातून पोटात जातो.

मग बोट पाण्याकडे गेलं. नांदेड परिसराला विहिरीतून पाणी मिळत होतं. त्यात क्लोरीन टाकत, पण ते जलशुद्धीकरण केंद्रातून येत नव्हतं. पुण्याला पाणी देणारं खडकवासला धरण शेजारी, आणि शेजारच्या गावाला शुद्ध केलेलं पाणी नाही. धरण उशाला नि कोरड घशाला म्हणतात ते हेच. परिसरातले खाजगी पाण्याचे प्लँटही तपासले गेले. दूषित पाणी देणाऱ्यांना टाळं लागलं. वीस लिटरचा जार विकत घेतला म्हणजे पाणी शुद्ध, हा समज तेव्हा मोडला.

यात आपल्या हातात काय? पुष्कळ आहे. गावाकडच्या बायकांना ओटी टेस्ट माहीत आहे. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट आणि शिकवणी मिळाली. नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंग आलाच नाही तर टीसीएल पावडर पडलेली नाही, नाहीतर ती निकामी झाली आहे. शेवटच्या घराच्या नळालाही लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असायला हवा. टाकीजवळच्या घरी तपासून भागत नाही, कारण वाटेत पाइप फुटलेला असला की घाण तिथून शिरते. गाव शहरात गेलं म्हणून ही विद्या टाकून देऊ नका. गटातल्या दोघी-तिघींनी आठवड्यातून एकदा वस्तीच्या शेवटच्या नळावर तपासणी करून वहीत तारीख, वेळ, रंग लिहावा. क्षेत्रीय कार्यालयात “पाणी घाण येतं” एवढंच सांगितलं तर ऐकून सोडतात. तीन आठवड्यांची वही टेबलावर ठेवली तर उत्तर द्यावं लागतं. शंका असेल तोवर पाणी चांगलं उकळूनच प्यावं, फडक्याने नुसतं गाळून जंतू जात नाहीत.

बचत गटांनाही एक गोष्ट सांगायची आहे. ‘उमेद’ हे अभियान ग्रामीण भागाचं. शहरात बचत गटांचं काम महापालिकेचा समाज विकास विभाग पाहतो, आणि गटाची नोंद तिथे करून घ्यावी लागते. गटाची बचत आणि बँकेतलं खातं गटाचंच राहतं, त्याला धक्का नाही. पण ग्रामसंघाकडून घेतलेला समुदाय निधी, व्याज, हप्ते यांचा हिशेब गाव जायच्या आधी मिटवून लेखी घ्या. रोजगार हमीचं कामही ग्रामीण भागापुरतंच, त्यामुळे जॉब कार्डावर हातातोंडाची गाठ घालणाऱ्या बायकांना ही झळ सगळ्यांच्या आधी लागते. याचं शहरात सरळ उत्तर नाही, हे उगाच झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

दारूबंदीचं मात्र वेगळं. परवाना असलेलं दुकान बंद करण्यासाठी मतदान मागायचा बायकांचा हक्क गावात आहे तसाच शहराच्या प्रभागातही आहे. २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान, आणि निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. प्रभाग मोठा असल्याने सह्या गोळा करणं गावापेक्षा कितीतरी अवघड, तेवढी तयारी ठेवा.

आणि ग्रामसभा गेली तरी पैशांबद्दल बोलायची एक वाट पुण्यात उघडी आहे. ती फार कमी बायकांना ठाऊक आहे. २००६ पासून पुणे महापालिका नागरिकांकडून पुढच्या अंदाजपत्रकासाठी छोटी कामं सुचवून घेते. बस थांब्यावर शेड, रस्त्यावर दिवा, पदपथ, स्वच्छतागृह, बाक अशी पाच लाख रुपयांपर्यंतची कामं. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अर्ज मागवतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, ऑनलाइनही भरता येतो. आतापर्यंत सोसायट्यांतली शिकलेली मंडळीच हे अर्ज भरत आली आहेत. समाविष्ट गावातल्या एकेका गटाने एकेक अर्ज दिला, जागा नेमकी लिहिली, फोटो जोडला आणि पोच घेतली, तर मार्चमध्ये अंदाजपत्रक आल्यावर आपलं काम त्यात आहे का नाही, हे बोट ठेवून विचारता येईल. यंदाच्या अर्जांची तारीख जाहीर झाली की आम्ही रेडिओवर सांगूच. तोवर आपल्या वस्तीतला कुठला कोपरा अंधारात आहे, ते गटाच्या बैठकीत ठरवून ठेवा.