दर्शन झालं? आता डबल बेल!

पंढरपूरला येणारा माणूस चंद्रभागेत पाय धुतो, दर्शनबारीत उभा राहतो, पायांवर डोकं टेकवतो, चुरमुरे-बत्तासे आणि बुक्क्याची पुडी घेतो आणि थेट एसटी स्टँड गाठतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. यंदा पौषात गेले तेव्हा मामांनी माझी पिशवी काढून घेतली. मामा म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर. जिल्ह्यातला एकेक फाटा त्यांना तोंडपाठ. "देव बघितलास, आता त्याचं रान बघ की," म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारली. दोन दिवस आम्ही पंचवीस-तीस किलोमीटरच्या टापूतच हिंडलो. त्यातलं जे डोक्यातून जाता जात नाही, ते हे.

नदी एक, नावं दोन

चंद्रभागा नावाची वेगळी नदी नाही. भीमाशंकरला उगम पावलेली भीमाच पंढरपुराला चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून इथल्यापुरती ती चंद्रभागा. गाव मागे पडलं की पुन्हा भीमा आणि पुढे कृष्णेत विलीन. पात्रात पुंडलिकाचं मंदिर आहे. नदीला पूर आला की पाणी आधी त्याला वेढा घालतं.

पलंग निघाला!

आषाढीच्या आधी गावात एक वाक्य ऐकू येतं: "देवाचा पलंग निघाला." गर्दी वाढली की विठ्ठलाच्या शेजघरातला पलंग काढून ठेवतात. म्हणजे तेवढे दिवस देवाला झोप नाही, दर्शन रात्रंदिवस चालू. देव उभा राहून दमतो, म्हणून पाठीशी लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा. पायांना लिंबू-साखर चोळतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढा देतात आणि मग पलंग परत येतो. पाहुणे गेल्यावर घरातल्या दमलेल्या माणसाची करावी तशी ही काळजी. मला पंढरपुरातलं सगळ्यात लोभस काही वाटत असेल तर हेच.

पाठीनं झिजलेला शिलालेख

मंदिरात 'चौऱ्यांशीचा शिलालेख' आहे. १२७३ ते १२७७ या काळात देवळाला देणग्या देणाऱ्यांची ही यादी. तीत यादव राजा रामचंद्र आहे, हेमाद्रिपंडित आहे. भाविकांची समजूत अशी की इथे पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो. शतकानुशतकं लाखो पाठी त्या अक्षरांवरून गेल्या आहेत. जवळच्या सोळखांबी मंडपात चांदीनं मढवलेला गरुडखांब आहे. देवाला भेटण्याआधी वारकरी त्याला कवेत घेतात.

नामदेव पायरीच्या समोर चोखोबांची समाधी. ज्यांना जिवंतपणी आत जाता आलं नाही, ते दाराशीच राहिले. हे दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावं म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजी इथे, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषणाला बसले. दहा दिवसांनी दार उघडलं, म्हणजे स्वातंत्र्याच्या जेमतेम तीन महिने आधी. बारीत उभं असताना हे प्रत्येकाच्या कानावर पडायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वारी संपते कुठे?

पंढरपुरात नाही, गोपाळपुरात! दक्षिणेला दीडेक किलोमीटरवर टेकाडावर गढीसारखं दगडी देऊळ आहे. आषाढी पौर्णिमेला पालख्या इथे येतात, गोपाळकाला होतो, लाह्या उधळतात आणि मगच परतीची वाट धरली जाते. इथे जनाबाईंचं म्हणून दाखवतात ते जातं आहे. आम्ही गेलो तेव्हा नऊवारीतल्या दोन आज्या समोरासमोर बसून खुंटा फिरवत होत्या. जात्यात दाणा नव्हता, तरी ओवी चालू होती. जाताना एकीनं मला हात लावायला लावला. दगड चांगलाच जड आहे.

तिथून जवळच नदीत विष्णुपद. मार्गशीर्षात विठ्ठलाचा मुक्काम महिनाभर इथे असतो, असं मानतात. महिनाभर गावकरी डबे घेऊन इथे येतात आणि नदीकाठी वनभोजन होतं.

पॅराशूटवाल्याची आगगाडी

स्टेशनापाशी मामांनी गाडी उभी केली. "आमचा आजा इथं छोट्या गाडीनं यायचा." छोटी गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. ती उभारणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. रूळ हलके ठेवायचे तर भार सारखा वाटला पाहिजे, हे त्यानं ओळखलं. म्हणून इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांहून जास्त वजन येणार नाही अशी रचना केली. कमी खर्चात दुष्काळी मुलखात रेल्वे कशी न्यावी, याचा हा वस्तुपाठ ठरला.

पण खरी गंमत पुढे आहे. १९१० मध्ये कॅल्थ्रॉपचा मित्र चार्ल्स रोल्स विमान कोसळून गेला. हा रोल्स म्हणजे 'रोल्स-रॉइस'मधला पहिला. तो मृत्यू कॅल्थ्रॉपच्या मनात सलत राहिला आणि आगगाड्यांचा हा माणूस पॅराशूटच्या मागे लागला. 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट त्यानं बनवलं. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला ते वापरलं गेलं. विठ्ठलाच्या वारकऱ्यांना जमिनीवरून नेणारा आणि माणसाला आकाशातून अलगद उतरवणारा, दोन्ही एकच! मामांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि संध्याकाळपर्यंत चहाच्या तीन टपऱ्यांवर सांगितलं.

आता सगळी लाइन ब्रॉडगेज. छोट्या गाडीची आठवण निघाली की जुनी माणसं अजून हळवी होतात.

थोडं पळतं पळतं

चिवड्यात आणि चटणीत पडणारं 'पंढरपुरी डाळं' आपल्या डब्यात या गावाचं नाव घेऊनच येतं.

पंढरपुरी म्हशीची शिंगं तलवारीसारखी मागे वळतात आणि खांद्याच्याही पलीकडे जातात. कोल्हापुरात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत म्हैस पिळून धारोष्ण दूध देणारे कट्टे आहेत. तिथे हिचा मान मोठा.

चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, १९१५ चा.

श्रावणात घरोघर वाचतात ते 'शिवलीलामृत' लिहिणारे श्रीधरस्वामी सांगोल्याकडच्या नाझरे गावचे. ग्रंथ पुरा झाला १७१८ मध्ये. त्याआधी १७०२ मध्ये 'हरिविजय'.

मंगळवेढा: इथे मातीच नायक

दुसऱ्या दिवशी मंगळवेढा, पंचवीसेक किलोमीटर. झाडी नाही, डोंगर नाही, नजर अडेल असं काहीच नाही. नुसती काळी सपाट जमीन आणि तिच्यावर कंबरेच्या वर गेलेली ज्वारी. मामा म्हणाले, "हितं पाऊस पिकाला पडत नाही, मातीला पडतो." हे अगदी खरं आहे. ही शाळू ज्वारी पेरतात पावसाळा सरताना. नंतर वरून जवळपास काही पडत नाही. खोल काळ्या मातीनं जी ओल धरून ठेवलेली असते, तिच्यावर आणि थंडीवर पीक उभं राहतं. म्हणूनच मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्वारीच्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेलं 'एम ३५-१' हे वाण याच मालदांडीतून जिल्ह्यातल्याच मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवडलं गेलं. नंतर किती नवी वाणं आली, पण भाकरीसाठी लोक अजून हीच मागतात.

या एका गावात किती माणसं होऊन गेली! बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कल्याणला जाण्याआधी इथेच बिज्जलाच्या पदरी नोकरी केली. बहामनी काळात दुष्काळ पडला तेव्हा दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारं भुकेल्यांना लुटू दिली. कान्होपात्रा इथली. तिच्यावरच्या नाटकात बालगंधर्वांनी काम केलं. आणि चोखोबा इथेच गेले, १३३८ मध्ये. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि मजूर खाली गाडले गेले. नामदेव हाडं शोधायला आले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी कथा आहे. तीच अस्थी पंढरीच्या दाराशी समाधीत ठेवली. आदल्या दिवशी पाहिलेली समाधी मला इथे आल्यावर खरी समजली. ज्या वाटेनं आम्ही अर्ध्या-पाऊण तासात आलो, त्याच वाटेनं नामदेव ती अस्थी घेऊन गेले असतील.

बादशहाचा मुक्काम

मंगळवेढ्यावरून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की माचणूर. भीमेच्या काठावर किल्ला, खाली सिद्धेश्वराचं देऊळ आणि पाण्यात उतरणारा घाट. बाजूच्या ब्रह्मपुरीत औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं होती. गावाचं नावसुद्धा त्यानं इस्लामपुरी केलं होतं. अख्ख्या हिंदुस्थानच्या बादशहाचा दरबार तेव्हा या नदीकाठी तंबूंत भरायचा. त्याच्या कैदेत येसूबाई होत्या आणि पोरसवदा शाहू. तेरा ते सतरा हे वय त्यांनी इथे काढलं. सातारच्या गादीवर बसलेल्या राजाला या भीमेचं पाणी चांगलं ओळखीचं असणार, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

घाटाच्या पायरीवर बसून आम्ही फडकं सोडलं. सोलापुरी कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. ही भाकरी दोन-दोन आठवडे टिकते, म्हणून प्रवासाला हिच्यासारखी सोबत नाही. मामांनी ती मोडून दह्यात भिजत घातली. समोर पाण्यावर बगळे उतरत होते.

"नाझरं राहिलं, वेळापूरचा अर्धनारीनटेश्वर राहिला, सांगोल्याचा खिलार बैलांचा बाजार राहिला," त्यांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "मार्गशीर्षात ये. विष्णुपदाला डबा न्यायचा."

मी तारीख लिहून घेतली. मामांनी सवयीनं दोरी ओढल्यासारखा हात वर केला आणि आम्ही उठलो.