टायर घेताना काठ वाचा

आमच्याकडे लोक कापडाविषयी विचारायला येतात. ग्रे कितीला चालले आहे, पॉलिस्टर सुताचा भाव उतरेल का, अमुक पेढीची उधारी सुरक्षित आहे का, असे प्रश्न आम्हाला सवयीचे आहेत. टायराविषयी आजवर आम्हाला कोणी विचारलेले नाही आणि आम्ही कोणाला सांगितलेलेही नाही. तरी या वेळी टायरावरच लिहीत आहोत, कारण २०२३ च्या पावसाळ्यात आमचा भाचा त्यापायी जाता जाता वाचला.

भाच्याला गाड्यांचा शौक. त्याने जुन्या बाजारातून स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस घेतली. २०१७ साली ही गाडी आपल्याकडे आली तेव्हा तिला २३० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. स्पोर्ट्स कार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी येते. ही दिसायला घरगुती, चार दारांची. पण पाय दाबला की समजते. अशी गाडी लोक रविवारी काढतात. हा मात्र भिवंडीहून नवी मुंबईला रोज कामाला तीच नेतो. जाऊन-येऊन साठ-पासष्ट किलोमीटर, आणि रस्ते कसे आहेत ते भिवंडीकरांना आम्ही काय सांगावे!

या गाडीत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असतो, त्यामुळे पुढचे टायर आधी झिजतात. जून २०२३ मध्ये त्याचे पुढचे दोन गुळगुळीत झाले. तो एका दुकानात गेला, दोन नवे टायर घेतले आणि दुकानदाराने ते काढले त्याच जागी, म्हणजे पुढे, बसवून दिले. मागचे जुनेच राहिले. त्यांवर नक्षी अडीच-तीन मिलिमीटर उरली होती. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, तेव्हा गुन्हा काहीच नव्हता.

जुलैतल्या एका संध्याकाळी मुंब्रा बायपासच्या उतारावर, वळणावर, पाणी साचलेले होते. पुढची चाके पाण्यातून नीट गेली. मागची गेली नाहीत. गाडीचा पार्श्वभाग सरळ पुढे यायला निघाला, गाडी आडवी झाली आणि दुभाजकाला घासत थांबली. मागून येणारा कंटेनरवाला सावध होता म्हणून ठीक. एक दार, एक चाक आणि बंपर गेले. भाच्याला खरचटलेसुद्धा नाही, पण रात्री घरी आला तेव्हा त्याच्या हातातला चहाचा कप स्थिर राहत नव्हता.

त्याला वाटले, मागचे टायर जुने होते, बस. आम्हाला एवढ्याने समाधान होईना. ज्या गाडीला पुढे नवेकोरे टायर, ती मागून का फिरावी? चार जाणत्या मेकॅनिकांना विचारले तेव्हा उलगडा झाला. पुढची चाके घसरली तर गाडी वळायचे सोडून सरळ जाते. माणूस घाबरून पाय उचलतो, वेग उतरतो, पकड बहुधा परत येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि ती सावरणे साध्या चालकाच्या हातात राहत नाही. म्हणून दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवायचे आणि मागचे बरे टायर पुढे आणायचे, मग गाडीचा जोर पुढच्या चाकांवर का असेना. मोठ्या टायर कंपन्याही हाच सल्ला देतात. बहुतेक दुकानांत मात्र जिथला काढला तिथे नवा लावतात, कारण त्यात चार चाके खोलावी लागत नाहीत. गाडीत घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, असे भाचा म्हणाला. ती ब्रेक लावून सावरते. जी पकड टायरात नाही ती कोठून आणणार?

दुसरी गोष्ट आमच्या नजरेला पडली ती धंद्याच्या सवयीमुळे. कापडाचा ताका हातात आला की आम्ही आधी काठ वाचतो. गिरणीचे नाव, जात, सगळे तिथे असते. टायराच्याही काठावर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, सगळे लिहिलेले असते, फक्त गोल फिरून वाचावे लागते. आमचे शिक्षण उर्दू माध्यमाचे. इंग्रजी अक्षरे उशिरा ओळखीची झाली, त्यामुळे एकेक अक्षर बोट ठेवून वाचायची सवय आहे. ती इथे कामी आली. डीओटी या अक्षरांच्या पुढच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. भाच्याच्या ‘नव्या’ टायरांवर ३११८ होते. म्हणजे २०१८ चा एकतिसावा आठवडा. पाच वर्षे गोदामात पडलेला माल नव्याच्या भावाने गेला होता.

आम्ही त्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “चाचा, टायर आहे, दूध नाही.” त्याचे म्हणणे सगळे खोटे नव्हते. सावलीत, नीट रचून ठेवलेला टायर वर्ष-दीड वर्षात बिघडत नाही. पण रबर बसल्याजागीही वयात येते, हळूहळू कडक होते. आमच्याकडेही जुना लॉट असतो. तो आम्ही विकतो, पण गिऱ्हाइकाला सांगून आणि भाव पाडून. इथे सांगणेही नव्हते आणि भाव पाडणेही नव्हते.

असा माल साचतो कसा, हेही समजून घेतले पाहिजे. १२ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टायरांची आयात परवान्याखाली आणली. रोजच्या मोटारींचे टायर इथे भरपूर बनतात, त्यांना फरक पडला नाही. मोठ्या रिमचे, वेगवान गाड्यांचे टायर मात्र बरेचसे बाहेरून येत. ते दुर्मीळ झाले आणि ज्याच्या गोदामात जे होते त्याला भाव आला. दुर्मीळ माल घेताना गिऱ्हाईक तारीख पाहत नाही. कापडात आम्ही हे लग्नसराईत दरवर्षी पाहतो.

शेवटी चारही टायर नवे घ्यायचे ठरले आणि खरा वाद सुरू झाला. भाच्याच्या टायराचे माप २२५/४५ आर १७. याचा अर्थ रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे साधारण १०१ मिलिमीटर, आणि रिम सतरा इंचांचे. पुढे ९४ डब्ल्यू असते. ९४ म्हणजे एका टायराला ६७० किलो भार. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग. याच मापात ९१ क्रमांकाचाही टायर मिळतो, तो ६१५ किलोंचा. दिसायला दोन्ही सारखे. गाडीच्या पुस्तकात जो क्रमांक असेल त्याच्या खाली जाऊ नये.

भाच्याने आम्हाला पकडले. “मामू, एक्स्प्रेसवेवर १२० ची मर्यादा, मग २७० चा टायर कशाला? एच घेतो, स्वस्त पडेल.” एच म्हणजे २१०. उत्तर टायराच्या पोटात आहे, आणि ते पाहून आम्ही चकित झालो, कारण पोटात कापड आहे! रबर वरचा लेप, अंग सुताचे. काठावर बारीक अक्षरांत तेही लिहिलेले असते: दोन थर पोलादाचे, एक किंवा दोन पॉलिस्टरचे, एक नायलॉनचा. त्या कापडात ताणा दणकट आणि बाणा नावापुरता, नुसता धागे जागेवर धरायला. नायलॉन टायर कॉर्ड ८४० आणि १२६० डेनियरची असते, हे आकडे वाचून तर गाववाला भेटल्यासारखे वाटले. वेग वाढला की टायर बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि तापतो. नायलॉन तापले की आकसते. आपल्या प्रोसेसवाल्यांना हा गुण डोकेदुखी वाटतो. टायरात तोच कामाला येतो: पोलादी पट्ट्यांवर गुंडाळलेला नायलॉनचा थर ताप वाढला की त्यांना आणखी आवळून धरतो. वरच्या वेगाच्या टायरात ही बांधणी जास्त भक्कम असते. म्हणजे पैसे २७० च्या वेगाचे नाहीत, १०० च्या वेगाने भर उन्हात तासभर चालतानाच्या उष्णतेचे आहेत.

खड्ड्यात आपटल्यावर टायराच्या बाजूला फुगा येतो, तोही सुताचाच मामला. आतले धागे तुटतात आणि हवा रबराला बाहेर ढकलते. त्याला ठिगळ नाही. फुगा दिसला की टायर बाद. भिंत जितकी बुटकी तितका हा धोका मोठा. म्हणून अठरा इंची रिम घालायचा भाच्याचा बेत आम्ही तिथेच मोडला. उलट एका मेकॅनिकाने २०५/५५ आर १६ सुचवले. चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच, भिंत मात्र ११३ मिलिमीटर. सूचना शहाणपणाची होती. पण या गाडीचे ब्रेक मोठे, सोळा इंची रिम त्यावर बसते की नाही हे रिम लावून पाहावे लागते. भाचा तयार झाला नाही आणि आम्हीही ताणले नाही.

त्याला हवा होता शर्यतीच्या धाटणीचा मऊ टायर. काठावर ट्रेडवेअर म्हणून एक आकडा असतो. अशा टायरावर तो २०० च्या आसपास, चांगल्या स्पोर्ट टायरावर ३०० च्या पुढेमागे, आरामशीर प्रवासी टायरावर ५०० किंवा वर. आकडा मोठा तितका टिकाऊपणा जास्त. पण तो कंपनीच आपल्या मालाला देते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. एकाच कंपनीच्या दोन जातींत तुलना करावी. मऊ टायराचे दुखणे नुसते झिजण्याचे नाही. कोरड्या रस्त्यावर जास्त रबर टेकावे म्हणून त्याच्या नक्षीतले चर कमी ठेवतात, आणि आपल्याकडे चार महिने पाणी उपसण्याचे काम त्या चरांनाच करायचे असते. दुसरे टोक म्हणजे ५०० वाला कडक टायर. तो स्वस्त पडतो, पण २३० अश्वशक्तीच्या गाडीला ओल्या रस्त्यावर थांबवताना कमी पडतो. आम्ही मधला घेतला. हिमवर्षाव आपल्याकडे नाही, तेव्हा समर टायरच योग्य. रबरात सिलिका असलेला, रुंद उभे चर असलेला. युरोपातून आलेल्या टायरावर ओल्या पकडीचा दर्जा अक्षराने छापलेला असतो, अ पासून इ पर्यंतच्या इंग्रजी अक्षरांत; पहिल्या दोन अक्षरांच्या खाली आम्ही पाहिलेच नाही. आपल्याकडेही एआयएस १४२ हे मानक आले असून नव्या धाटणीच्या टायरांना ते ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाले. त्यात ओल्या पकडीची किमान पातळी ठरवलेली आहे.

रुंदीही वाढवू दिली नाही. रुंद टायर कोरड्यात शोभतो, पण पाण्यावर लवकर तरंगतो. हवेचेही तसेच. नासाने १९६३ साली विमानाच्या टायरांवर काम करून एक हिशेब मांडला: टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. त्या हिशेबाने ३२ पौंड हवा असेल तर साधारण ९४ किलोमीटरला आणि २४ पौंडांवर ८२ किलोमीटरलाच टायर पाणी सोडून वर येतो. मोटारीत नक्षी आणि रुंदीही मोजावी लागते, आकडे तंतोतंत तेच राहणार नाहीत. पण आठ पौंड हवा कमी असणे ही आपल्या टेंपोंची रोजची स्थिती आहे, आणि हवा भरायला पैसे पडत नाहीत. सकाळी, टायर थंड असताना मोजावी. पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापतो आणि काटा जास्त दाखवतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये चार टायरांचे ५८ हजार गेले. त्यात जीएसटी २८ टक्के, म्हणजे साडेबारा हजारांवर नुसता कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर १८ टक्के झाला आहे. मूळ भाव तोच धरला तर याच खरेदीत साडेचार हजार वाचले असते. बसवताना आम्ही शेजारी उभे राहिलो, आणि बरे झाले. या टायरांना उलट-सुलट असते, कापडासारखेच. आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेर यावी लागते. कामाच्या पोराने दुसरे चाक उलटे चढवले होते. मालकाने त्याला झापले, आम्ही चहा पाजला.

पावसाळ्याआधी, मे २०२५ मध्ये, नक्षी मोजली. पुढे साडेतीन, मागे सव्वाचार मिलिमीटर. तेवढ्यावर पावसाळा निभावला. ऑक्टोबरमध्ये कर उतरल्यावर भाच्याने त्याच जातीचे दोन टायर घेतले. दुकानातल्या पोराने सवयीने जॅक पुढच्या चाकाखाली सरकवला. आम्ही बोलणार तोच भाचा खाली वाकून टायराचा काठ वाचत होता. “२९२५,” तो म्हणाला, आणि मग पोराला, “नवे मागे लाव. मागचे पुढे आण.”