जुन्या जीपचे इंजीन दुरुस्त करावे किंवा नाही?

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील गावांत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या डिझेल जीपगाड्या अद्याप कामावर आहेत. पावसाळ्यात काळ्या रानातून वाट काढावयाची असो किंवा डोंगरउतारावरून फळांचे क्रेट खाली आणावयाचे असोत, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी तेथे उपयोगी पडते. बीडच्या सीताफळास 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु हे फळ तोडल्यावर थोड्याच दिवसांत पिकून मऊ पडते व मानांकन असले तरी ते बाजारासाठी थांबत नाही. ऐन हंगामात गाडी बंद पडली तर नुकसान गाडीचे थोडे व मालाचे अधिक होते.

2025 च्या पोळ्याच्या सुमारास धारूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने प्रस्तुत लेखकास आपली जीप दाखविली. गाडी 1999 सालची. घाट चढताना मागे निळ्या धुराचा लोट, आणि ऑईल तर दर आठवड्यास ओतावे लागे. मेस्त्रीने इंजिनाचे पूर्ण काम काढावे लागेल असे सांगून 82,000 रुपये खर्च सांगितला होता. ती रक्कम त्या शेतकऱ्याने नव्या ठिबक संचासाठी बाजूला ठेवलेली होती. त्याचा प्रश्न सरळ होता : “साहेब, काम काढू का मोडीत घालू?”

त्यावर आम्ही त्यांस उलट प्रश्न विचारला : यापूर्वी काम केव्हा काढले होते? उत्तर आले, 2022 साली. म्हणजे तीन वर्षेही नीट झाली नव्हती, आणि गाडी वर्षाला फार तर सात-आठ हजार किलोमीटर चाललेली. चांगले बांधलेले डिझेल इंजीन इतक्या थोड्या चालीत झिजत नाही. तेव्हा दुरुस्ती करावी किंवा नाही हे ठरविण्यापूर्वी पहिली दुरुस्ती का टिकली नाही, हे शोधणे अगत्याचे होते.

इंजिनाची पाहणी धुरापासून सुरू करावी. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. हवेची गाळणी तुंबलेली असेल, नोझल बिघडले असेल किंवा गाडीवर बोजा अधिक असेल. यासाठी इंजीन खोलण्याचे कारण नसते. सकाळी सुरू करताना थोडा वेळ पांढरा धूर येऊन नंतर थांबतो, तो बहुधा थंड इंजिनाचा, हीटर प्लगचा किंवा पंपाच्या टायमिंगचा दोष असतो. मात्र पांढरी वाफ सतत येत असेल व रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट पाहावे. अशा वेळी ऑईल मोजण्याची कांडी ओढून पाहिल्यास ऑईल ताकासारखे दिसते. निळा धूर ऑईल जळत असल्याची खूण होय. वाट रिंगांजवळून आहे किंवा व्हॉल्व्हच्या गाईडमधून, हे धुरावरून कळत नाही. त्यासाठी इंजीन चालू ठेवून ऑईल ओतण्याचे झाकण काढावे. तेथून धापा टाकल्यासारखा धूर बाहेर येऊ लागल्यास रिंगा व सिलिंडर झिजले आहेत असे समजावे.

यानंतर गेज लावून चारही सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. डिझेल इंजिनाचा हीटर प्लग किंवा नोझल काढून त्या जागी गेज बसते. एकाच सिलिंडराचा दाब इतरांहून बराच कमी असेल तर दोष त्या एका ठिकाणचा, बहुधा व्हॉल्व्हचा किंवा तुटलेल्या रिंगेचा असतो. चारही सारखेच खाली आले असतील तर सर्व इंजीन एकसारखे झिजले आहे. सिलिंडरात ऑईल ओतून पाहण्याची युक्ती पेट्रोल इंजिनासाठी आहे. डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर जागा फार थोडी असते. ऑईल अधिक झाल्यास कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतो, सबब ती येथे करू नये.

धारूरच्या जीपचे चारही आकडे खाली होते. तथापि हवेच्या गाळणीपासून इंजिनापर्यंत जाणारी रबरी नळी काढली तेव्हा उलगडा झाला. नळीच्या वळणावर आतल्या बाजूने बोटभर लांब चीर होती, आणि नळीच्या आत बोट फिरविताच करडी, खरखरीत धूळ लागली. गाळणी स्वच्छ होती. परंतु हवा गाळणीतून न येता चिरेतून येत होती. 2022 साली नवे पिस्टन व रिंगा घातल्या आणि नळी मात्र जुनीच बसविली, असे दिसते. आपल्याकडील रस्त्यांच्या व खळ्यांच्या धुळीतील वाळूचे कण लोखंडही घासून काढतात. नळी न बदलता हे काम पुन्हा केले असते तर तीन वर्षांनी तिसऱ्यांदा करावे लागले असते. नळीची किंमत काही शे रुपये आहे. (कोकणात जुन्या गाड्या गंजाने जातात, मराठवाड्यात धुळीने, असे आमचे निरीक्षण आहे.)

पाण्याकडेही पाहावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये घातल्याने आत चुन्यासारखा थर बसतो. मग इंजीन तापते, गॅस्केट जाते, आणि दोष इंजिनाला लागतो. शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंट घालावे, आणि इंजीन बांधताना रेडिएटर साफ करून घ्यावा.

पूर्ण काम काढावयाचे ठरल्यास सिलिंडरचे माप गेजने घेतल्याखेरीज “नुसत्या रिंगा बदलून भागेल” हे कोणाचे म्हणणे ऐकू नये. सिलिंडर वरच्या भागात अधिक झिजतो व त्याची गोलाई जाते. अशा सिलिंडरात नव्या रिंगा काही महिनेच टिकतात. तेथे बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन घालणे किंवा नवे स्लीव्ह बसविणे हाच मार्ग होय. क्रँक यापूर्वी किती घासला आहे हेही विचारावे. दहा, वीस, तीस अशा मापांची बेअरिंगे मिळतात. शेवटच्या मापापर्यंत घासलेला क्रँक पुन्हा घासता येत नाही, आणि नव्या क्रँकने खर्चाचा सर्व अंदाज बदलतो.

इंजीन म्हणजे संपूर्ण गाडी नव्हे. पाटे जेथे चेसिसला जोडले जातात तेथे तडे आहेत काय, पुढील एक्सलच्या जोडांत खेळ किती आहे, लो गिअर टाकल्यावर तो निसटतो काय, हे गाडी चढावर नेऊन पाहावे. गिअर बॉक्स व दोन्ही डिफरन्शियल थकलेली असतील तर सशक्त इंजीन त्यांना लवकर मोडते. अशा गाडीवर इंजिनाचा खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सुट्या भागांची मात्र सहसा अडचण येत नाही. पूर्वीच्या बऱ्याच जीपगाड्यांत प्यूजोच्या परवान्याने बनविलेले 2112 घन सेंटिमीटरचे इंजीन असे, व त्याचे काम जाणणारे मेस्त्री अजून आहेत.

कागदपत्रांबाबत गैरसमज फार आहेत. पंधरा वर्षांवरील वाहने मोडीत काढण्याचा 1 एप्रिल 2023 पासूनचा नियम सरकारी वाहनांसाठी आहे. दिल्लीच्या परिसरातील वयोमर्यादेच्या बातम्याही आपल्या जिल्ह्यास लागू नाहीत. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून एका वेळी पाच वर्षांची फेरनोंदणी मिळते. तिचे शुल्क 2022 पासून बरेच वाढले आहे व पर्यावरण कर वेगळा द्यावा लागतो. म्हणून चालू दर परिवहन कार्यालयात विचारूनच हिशेब मांडावा. दुसऱ्या गाडीचे जुने इंजीन बसविल्यास पावती घ्यावी व त्याचा क्रमांक नोंदणीपुस्तकात चढवून घ्यावा. अन्यथा पुढील तपासणीत गाडी अडते.

आता हिशेब. धारूरच्या जीपची फेरनोंदणी 2029 पर्यंत होती, चेसिस व गिअर बॉक्स सुस्थितीत होते. इंजिनाचे 82,000 आणि नळी, रेडिएटर व पुढील दोन टायर मिळून 18,000, असा एकूण एक लाख रुपये खर्च चार वर्षांवर विभागला तर वर्षाला 25,000 होतात. गाडी मोडीत 40,000 रुपयांस मागितली होती. न विकल्यामुळे अडकलेली ही रक्कम बहुधा कोणी मोजत नाही. तिचे वर्षाला 10,000 धरावेत. विमा व किरकोळ देखभाल 15,000. म्हणजे गाडी दारात उभी राहिली तरी वर्षाला 50,000 रुपये लागणार. चालविल्यास दिवसाचे डिझेल सरासरी 700 रुपयांचे. भाड्याचा पिकअप डिझेल-चालकासह दिवसाला 1800 रुपयांस मिळे. म्हणजे स्वतःच्या गाडीने दर दिवशी 1100 रुपये वाचतात, आणि 50,000 भरून निघण्यास सुमारे 46 दिवस गाडी कामावर असली पाहिजे. चार वर्षांनंतरही मोडीचे काही पैसे येतीलच, ते येथे धरलेले नाहीत.

त्या शेतकऱ्याने दिवस मोजले : सीताफळाचा हंगाम, खतबियाणे, कापूस मिळून सुमारे 70 भरले. भाड्याने 1,26,000 व स्वतःच्या गाडीने 99,000, असा वर्षाला 27,000 रुपयांचा फरक दिसला. शिवाय त्याच्या वरच्या रानातून पावसात भाड्याचा पिकअप येतच नाही. काम काढण्याचे ठरले व ठिबकचा संच एक वर्ष पुढे गेला. त्याच आठवड्यात शेजारच्या गावातील दुसऱ्या एका जीपमालकाचे दिवस मोजले ते वीसच निघाले. त्यांस आम्ही गाडी विकण्याचा सल्ला दिला. तो त्यांना रुचला नाही, कारण गाडी वडिलांनी घेतलेली होती. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा वेळी आग्रह न धरता आकडे कागदावर लिहून द्यावेत.

काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर गाडीवर पूर्ण बोजा घालू नये व ती फार वेगाने पळवू नये, तसेच एकाच जागी तासन्तास मंद चालू ठेवू नये. पहिले ऑईल 500 किलोमीटरवर फिल्टरसह बदलावे. हेडचे बोल्ट पुन्हा कसण्याबाबत गॅस्केटच्या प्रकाराप्रमाणे मेस्त्रीस विचारून करावे. खळ्याच्या व तोडणीच्या दिवसांत हवेच्या गाळणीतील ऑईल रोज पाहावे, गाळ बसला असल्यास बदलावे, आणि रबरी नळी महिन्यातून एकदा काढून आतून बोट फिरवावे. बोटास धूळ लागल्यास ती नळी त्याच दिवशी बदलावी.