अर्नाळ्याचा किल्ला आणि भोवतीचं पाणी

मुलांनो, वसई-विरारच्या तुम्हां दोस्तांपैकी किती जण अर्नाळ्याच्या बेटावर जाऊन आलेत? किनाऱ्यावर भेळ खाऊन, वाळूचा किल्ला करून परतणारे पुष्कळ. समोरच्या खऱ्या किल्ल्यात जाणारे थोडेच! विरार स्टेशनापासून साधारण दहा किलोमीटरवर अर्नाळा गाव, आणि तिथून होडीने काही मिनिटांत बेट.

हे बेट वैतरणा नदीच्या मुखाशी आहे. खाडीत शिरणारं गलबत इथून लगेच दिसायचं. म्हणून तर एवढंसं बेट सगळ्यांनाच हवं होतं! सोळाव्या शतकात ते पोर्तुगीजांकडे गेलं. १७३७ साली मराठ्यांनी ते जिंकलं आणि थोरल्या बाजीरावांच्या आज्ञेने किल्ला नव्याने बांधला. तसा शिलालेख दरवाजावर आजही आहे. तिथले कोरलेले हत्ती आणि वाघही बघायला विसरू नका. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, ती त्यानंतर.

किल्ल्यात गोड्या पाण्याचं अष्टकोनी तळं आहे. चहूकडे खारं आणि मध्ये गोडं, हे कसं? अशा बेटांवर पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. ते खाऱ्या पाण्याहून हलकं असतं, म्हणून वर तरंगत राहतं.

आणखी एक गंमत बरं का! १८ जून २०२५ रोजी आपल्या नौदलात एक पाणबुडीविरोधी जहाज दाखल झालं. त्याचं नाव ‘अर्नाळा’, या किल्ल्यावरूनच.

किल्ला तर जपायचाच. पण भोवतीचं पाणी? भूमध्य समुद्रात, स्पेनजवळ ताबार्का नावाचं असंच तटबंदीचं छोटं बेट आहे. १९८६ मध्ये त्याच्या भोवतीचा समुद्र राखीव झाला. काही भागात मासेमारी पूर्ण बंद, तर काही भागात ठराविक पद्धतीनेच. आपल्याकडेही १९८७ मध्ये मालवणला सागरी अभयारण्य झालं. शिवरायांचा सिंधुदुर्ग त्यातच येतो. तिथे मच्छीमारांनी विरोधही केला. जाळं टाकायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न पोटाचा होता.

अर्नाळ्याला असं अभयारण्य नाही. बेटावर कोळी बांधवांची वस्ती आहे आणि समुद्र हीच त्यांची शेती. पण पापलेटची पिल्लंच पकडली, तर ती मोठी होऊन अंडी कधी घालणार? २०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा ‘राज्यमासा’ झाला. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. नियम चांगला, पण बारीक मासळी सोडली की त्या दिवसाची कमाई घटते आणि डिझेलचा खर्च मात्र तेवढाच राहतो. मग हा भार एकट्या कोळ्यांनीच का सोसायचा?

इथे आई-बाबांची मदत हवी. बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेट दिसलं, तर कोळीणमावशींना सांगा, “मावशी, हे नको, मोठं असेल तेव्हा द्या.” गिऱ्हाईकच नसेल, तर पिल्लं पकडून फायदा काय?

तेव्हा सुट्टीत बेटावर जरूर जा. होडीची आणि भरती-ओहोटीची वेळ आधी विचारा, तटावर नावं कोरू नका आणि खाऊच्या पिशव्या परत आणा. येताना वैतरणेचं मुख नीट न्याहाळा. राज्यमाशाची पिल्लं तिथेच कुठेतरी मोठी होत असतील!