थार घ्यायची? आधी रस्ता बघा

थार समोरून गेली की मान आपोआप वळते, मुलांचीच नाही, तुमचीही! पण हप्ते पुढची पाच-सात वर्षं भरायचे असतात. म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी स्वतःलाच विचारा, वर्षातले किती दिवस तुम्ही खरंच चिखलात किंवा वाळूत गाडी घालणार आहात?

फक्त गावाकडच्या खड्ड्यांचा प्रश्न असेल, तर जमिनीपासून उंच असलेली साधी एसयूव्ही पुरते. घसरड्या चढावर मात्र चारही चाकांना ताकद हवी आणि लो रेंजही, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ. फसगत होते ती इथेच. 2023 पासून थार फोर बाय टूमध्येही मिळते. दिसायला तशीच, किंमत कमी, पण ताकद फक्त मागच्या चाकांना. बुकिंगच्या पावतीवर व्हेरिएंटचं नाव नीट वाचून घ्या.

जिम्नीच्या सगळ्या व्हेरिएंटमध्ये फोर बाय फोर आहे, शिवाय ती हलकी आणि पाच दारांची. डिकी मात्र अगदीच लहान. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून चढावं लागतं. टेस्ट ड्राइव्हला सासूबाईंना न्याच, गुडघ्यांना ते झेपेल का ते तिथेच कळेल.

सेकंड हँड घेताय? गाडी रॅम्पवर चढवून खालचा गंज बघा. मातीच्या रस्त्यावर लो रेंज टाकून स्वतः चालवा. मोठे टायर किंवा बॉडीत बदल दिसले, तर आरसीशी ताडून पाहा, नाहीतर विम्याचा क्लेम अडकू शकतो.