मोटारीच्या चाकाचे नट

दशरथाच्या रथाची खीळ निसटली तेव्हां कैकेयीनें तिच्या जागीं आपला हात घालून रथ सांवरला, ही कथा आपल्या घरांतील लहान मुलेंही जाणतात. अमरकोशांत या खिळीस ‘अणि’ असें नांव आहे. पुढें दोन वर, वनवास इत्यादि जें घडलें, त्याचें मूळ शोधूं गेल्यास तें या बोटभर खिळींत सांपडतें. आज रथाच्या जागीं दारांत मोटार आली आहे, आणि खिळीचें काम प्रत्येक चाकाचे चार-पांच नट करितात. गाडीचा रंग निवडतांना घरांतील सर्व मंडळींची सभा भरते. नटांकडे मात्र कोणी पाहत नाहीं.

आम्हींही पाहिलें नव्हतें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्यानें गाडीचीं मूळचीं चाकें काढून शोभेसाठीं मिश्रधातूचीं नवीं चाकें, म्हणजे ज्यांस बाजारांत अलॉय व्हील म्हणतात तीं, बसविलीं. दुकानदारानें जुनेच नट पुन्हां लाविले. ते आट्यांवर सुरळीत फिरले, पान्यानें आवळलेही गेले. सर्वांचें समाधान झालें. पुढें घरचीं पांच माणसें, मांडीवर एक तान्हें मूल, अशीं कुलदैवताच्या दर्शनास निघालीं. कुंभार्ली घाट उतरतांना पुढच्या डाव्या चाकांतून टकटक असा आवाज येऊं लागला. उतरून पाहतात तों चार नटांपैकीं दोन हातानें फिरण्याइतके सैल! तेथेंच ते आवळून गाडी अगदीं सावकाश खालीं नेली. मिस्त्रीनें चाक काढून दाखविलें. भोकांच्या कडा झिजून चकचकीत झाल्या होत्या. तो म्हणाला, “काका, आटे जुळले, पण बैठक जुळली नाहीं.”

हें वाक्य ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. नट चाकाला नुसता अडवून धरीत नाहीं. तो आवळला असतां स्टड किंचित् ताणला जातो, आणि त्या ताणानें चाक हबावर घट्ट दाबलें जातें. या दाबामुळें जें घर्षण उत्पन्न होतें, त्याच्याच बळावर चाक आपल्या जागीं स्थिर राहतें. म्हणून नट चाकाच्या भोकांत जेथें टेकतो, ती बैठक नटाच्या आकाराचीच हवी. बैठकीचे मुख्य प्रकार तीन. पहिला शंक्वाकार, बहुधा ६० अंशांचा. मारुति सुझुकी व ह्युंदाई यांच्या गाड्यांत तो आढळतो, आणि बाजारांतील बहुतेक मिश्रधातूच्या चाकांसही तोच लागतो. दुसरा चेंडूसारखा गोल. होंडाचे मूळचे नट या जातीचे असतात. तिसरा सपाट, खालीं वॉशर असलेला. टोयोटाच्या कांहीं मिश्रधातूच्या चाकांस तो लागतो. गोल नट शंकूच्या भोकांत घातला तर तो एका बारीक रेघेवरच टेकतो. ती रेघ झिजली कीं ताण गेला व नट सुटला. लोणच्याच्या बरणीला दुसऱ्या बरणीचें झांकण फिरून बसलें, तरी तें घट्ट बसेलच असें नाहीं, तसेंच हें.

बैठकीनंतर आटे पाहावे. होंडा, टोयोटा, ह्युंदाई यांच्या प्रचारांतील बहुतेक गाड्यांचा स्टड १२ मिलिमीटर जाडीचा व आट्यांमधील अंतर १.५ मिलिमीटर असतें. मारुति सुझुकीचें अंतर १.२५. फरक पाव मिलिमीटरचा, परंतु असा भलता नट एकदोन फेरे जाऊन अडतो, आणि पान्यानें रेटल्यास आटे मरतात. यासाठीं पहिले फेरे नेहमीं हातानेंच द्यावे. फोक्सवॅगन व स्कोडा यांच्या गाड्यांत नट नसून बोल्ट असतात, बहुधा १४ मिलिमीटर जाडीचे व गोल बैठकीचे.

तिसरी गोष्ट पकडीची. नट स्टडच्या जाडीइतका तरी आंत शिरला पाहिजे. हिशेब शाळकरी मुलासही येईल: १२ भागिले १.५ म्हणजे ८ फेरे. १२ भागिले १.२५ म्हणजे सुमारें १०. नवें चाक मध्यें जाड असलें तर फेरे कमी भरतात. तेथें सावध व्हावें.

आवळतांना एकाशेजारचा एक असे नट न घेतां समोरासमोरचे घ्यावे, व दोनतीन टप्प्यांत आवळावे. जोर किती, हें गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. समजा तो १०० न्यूटन-मीटर असला, तर एक मीटर लांब दांड्याच्या टोकाशीं सुमारें १० किलोचा भार, इतका त्याचा अर्थ. पान्यावर उभें राहून नाचूं नये. स्टड वाजवीपेक्षां ताणला जातो. आट्यांस तेल लावूं नये. तेवढ्याच जोरांत ताण अधिक येतो. चाक नव्यानें बसविल्यावर ८० ते १०० किलोमीटर जाऊन नट पुन्हां तपासावे.

तेव्हां नवीं चाकें घेतांना दुकानदारास तीन प्रश्न विचारावे: बैठक कोणती? आटे कोणते? फेरे किती भरतात? उत्तर “चालतंय हो!” असें मिळाल्यास दुसरें दुकान पाहावें. आमच्या चाकांस त्याच आट्यांचे, पण शंकूच्या बैठकीचे सोळा नट आणिले. चाकांच्या किंमतीपुढें त्यांची किंमत कांहींच नव्हती. खीळ जागच्या जागीं असेल तर कोणास हात घालण्याचा प्रसंगच येत नाहीं.